‘एकदम ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय? जुन्या गाड्या, नवा रंग आणि आपला जिल्हा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या दारात, गोठ्याशेजारी किंवा पडवीत एखादी जुनी जीप, अ‍ॅम्बॅसिडर, फियाट, जावा नाहीतर राजदूत उभी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. विकायचा विचार असेल तर नक्की वाचा. आणि घ्यायचा विचार असेल तर दोनदा वाचा.

गेली काही वर्षं आपल्याकडे जुन्या गाड्यांचं वेड वाढलंय. चांगली गोष्ट आहे. लग्नसराईत नवरदेव घोड्याऐवजी उघड्या जीपमधून येतो. हॉटेलच्या दारात रंगवलेली जुनी फियाट उभी असते, लोक तिच्याजवळ फोटो काढतात. मोबाइलवर रोज एक तरी व्हिडिओ येतो. आधी गंजलेला सांगाडा, मग वेल्डिंगच्या ठिणग्या, मग फवाऱ्याचा रंग, आणि शेवटी चकाचक गाडी. खाली शेकडो लोक लिहितात, ‘एकच नंबर’, ‘जुनं ते सोनं’, ‘एकदम ओरिजिनल’.

माझं भांडण या शेवटच्या शब्दाशी आहे.

कारण ‘चकाचक’ आणि ‘ओरिजिनल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याचदा एकमेकींच्या उलट्या आहेत. गाडीची अवस्था कशी आहे, हा एक प्रश्न. गाडीत मूळचं किती शिल्लक आहे, हा दुसरा. रंग उडालेली, सीट फाटलेली, दहा वर्षं न चाललेली गाडी नव्वद टक्के मूळची असू शकते. आणि आरशासारखी चमकणारी गाडी फक्त नावाला जुनी असू शकते. चासी एकीची, इंजिन दुसरीचं, पत्रा गेल्या वर्षीचा. पहिल्या गाडीला आपण भंगार म्हणतो आणि दुसरीबरोबर सेल्फी काढतो. व्यवहारात पैसेही त्याच हिशेबानं मोजतो. इथंच गडबड होते.

याची मुळं गाड्यांच्याही आधीची आहेत. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ म्हटलं की काय होतं, आठवून बघा. काळ्या पाषाणाचं शेकडो वर्षांचं देऊळ असतं. गाव वर्गणी काढतं. मग दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, पुढं सिमेंटचा सभामंडप. भावना खरी असते, पैसाही घामाचा असतो. पण काम संपतं तेव्हा जुनं देऊळ दिसेनासं झालेलं असतं. जुन्या गाडीचंही आपण तेच करतो. नवं दिसलं म्हणजे काम झालं, अशी आपली समजूत.

आपल्या जिल्ह्यातली तीन उदाहरणं

दूर जायला नको. या विषयावर विचार करायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

पहिलं उदाहरण, नगरचं रणगाडा संग्रहालय. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं उभारलेलं, १९९४ साली तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालेलं. तिथं जाऊन आलेल्या बहुतेकांना पाकिस्तानी पॅटन रणगाडे आठवतात. पण तिथंच एक रोल्स-रॉइस उभी आहे, चिलखती गाडी. ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाच्या आलिशान मोटारीच्या चासीवर पोलादी पत्रे चढवून बनवलेली, हिंदुस्थानातल्या वापरासाठीच्या नमुन्याची.

आता सांगा, ही गाडी ओरिजिनल आहे का? मोटार म्हणून पाहिलं तर हे मॉडेल श्रीमंतांच्या दारात उभं राहायचं, बंदूक लावायला नव्हे. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. त्यामुळं एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकसारख्या नसायच्या. उद्या एखाद्यानं ते चिलखत काढून तिथं राजेशाही बॉडी चढवली, तर ती ‘मूळ रूपात’ आली असं म्हणायचं का? अजिबात नाही. ते चिलखत हाच तिचा खरा इतिहास आहे. मूळ म्हणजे नेहमी कारखान्यातून निघालेला पहिला दिवस नसतो, ही पहिली शिकवण.

दुसरं उदाहरण, नगरजवळच्या मेहेराझादची निळी बस. तीसच्या दशकाच्या अखेरीस अवतार मेहेरबाबा आणि त्यांची मंडळी जिच्यातून देशभर फिरली, ती ‘ब्लू बस’. १९४९ मध्ये बाबांच्या एकांतवासासाठी तिची नुसती बॉडी मेहेराझादला ठेवली गेली. खाली चाकं नाहीत, पुढं इंजिन नाही. गाडी म्हणून अवस्था विचाराल तर शून्य. ती कुठंच जाणार नाही. पण ती बस तीच आहे, याबद्दल कुणाला शंका नाही. तिला नवी चासी आणि डिझेल इंजिन लावून रस्त्यावर आणली तर अवस्था सुधारेल, पण तिची गोष्ट मोडेल. ही दुसरी शिकवण. अवस्था आणि अस्सलपणा वेगवेगळे मोजायचे.

तिसरं उदाहरण तर आपल्या अभिमानाचं. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली ती पुणे ते नगर. दर वर्षी एक जूनला आपण सगळे ही पोस्ट टाकतो. आता डोळे मिटा आणि ती बस डोळ्यांसमोर आणा. कोणत्या रंगाची दिसली? लाल? एसटीच्या स्वतःच्या इतिहासात नोंद आहे ती निळ्या रंगाच्या, चंदेरी टपाच्या गाड्यांची. लालपरी नंतरची. म्हणजे उद्या कुणी हौसेनं जुनी बेडफोर्ड शोधून आणली, तिला सुंदर लाल रंग दिला आणि ‘एसटीची पहिली गाडी’ म्हणून माळीवाडा स्टँडसमोर उभी केली, तर आपण सगळे टाळ्या वाजवू. एकही जण विचारणार नाही, की बाबा रे, हा रंग कुठून आणलास? आपल्या आठवणीत जे नंतर भरलं गेलं, तेच आपण मूळचं मानतो. म्हणून आठवणीवर नाही, पुराव्यावर चालायचं. ही तिसरी.

जीपचं बघा

आता व्यवहाराकडं येऊ. आपल्या भागात सगळ्यात जास्त ‘रिस्टोअर’ होते ती जीप. लष्कराचं गाव, साखरपट्टा, वाड्या-वस्त्यांचे रस्ते. त्यामुळं जीप घरोघरी होती. आणि सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात त्याही जीपबद्दलच. हिरवा रंग मारला, बॉनेटवर पांढरा तारा काढला, की झाली ‘दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरी जीप’.

महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलिस कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर निघाल्या. युद्धानंतर विलिसनं नागरी वापराच्या जीप काढल्या, आणि आपल्याकडे महिंद्रानं विलिसच्या परवान्यानं जीप जोडायला, मग बनवायला सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यात ज्या दिसतात त्यातल्या बहुतेक या महिंद्राच्या. त्यात कमीपणा काहीच नाही. महिंद्राच्या जुन्या जीपला स्वतःचा इतिहास आहे, तो आपल्या शेतीचा आणि सहकाराचा इतिहास आहे. मग तिला खोटा वेश कशाला?

फरक ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या दाबीव जाळीला नऊ, नंतरच्या नागरी विलिसला सात. मागं बघा, युद्धातल्या जीपला मागचा पत्रा सलग असतो, उघडणारा फाळका नसतो. बॉनेट बघा, उंच, चौकोनी बॉनेट असेल तर ती सीजे-थ्रीबी घराण्यातली, युद्धानंतरची. युद्धातल्या जीपचे हेडलाइट आत बसवलेले असतात आणि बिजागरीवर मागं फिरवता येतात, रात्री इंजिनवर उजेड पडावा म्हणून. फोर्डची म्हणून विकत असेल तर बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर शोधा. फोर्डनं आपल्या भागांवर ते उमटवलं होतं. आणि खाली वाकून चासीचा पुढचा आडवा दांडा बघा. विलिसचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी घडणीचा.

आणि हो, युद्धातल्या जीपचा रंग मळकट, बिनचमकेचा हिरवा होता. चमकणारी जीप शत्रूला लांबून दिसते. ऊन पडल्यावर आरशासारखी चमकणारी मिलिटरी जीप बघितली, की समजायचं मालकाला गाडीपेक्षा लग्नाचा मांडव जास्त माहीत आहे.

गाडी बघायला गेलात तर

जीप असो की अ‍ॅम्बॅसिडर, रिस्टोअर केलेली गाडी बघताना जुने मिस्त्री ज्या क्रमानं बघतात, तो क्रम इथं देतो.

१) आधी कागद, मग गाडी. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर वाचा. मालक वाचून दाखवतोय म्हणून मान डोलवू नका. नंबराच्या जागी ग्राइंडर मारल्याच्या खुणा आहेत का, अक्षरं वरखाली आहेत का, नेमक्या तेवढ्याच जागी रंग ताजा आहे का, ते बघा. इथं शंका आली तर पुढचं काही बघू नका, घरी या. खाडाखोड केलेला नंबर ही हौसेची नाही, पोलिसांची बाब आहे.

२) आधीचे फोटो मागा. कामाला सुरुवात करण्याआधीचे, रंग खरवडल्यावर उघडा पत्रा दिसतोय असे, कामाच्या मधले. ज्यानं मनापासून काम केलंय तो न मागता दाखवतो. ज्याच्याकडे फक्त शेवटचे चकाचक फोटो आहेत, त्याच्याशी सावध बोला.

३) एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. मडगार्ड, दाराचा खालचा भाग, चाकावरची गोलाई इथं लावून बघा. पत्र्याला चटकन चिकटतं, जाड पुट्टीवर घसरतं. थोडी पुट्टी सगळीकडंच असते. बोटभर जाड पुट्टी म्हणजे आतला गंज झाकलाय.

४) गाडीखाली शिरा. वरचा पत्रा सगळे रंगवतात, खालचा कुणी बघत नाही. पायाखालचा फ्लोअर, चासीचे सांधे, स्प्रिंगचे पाटे जिथं बसतात ती जागा. काळा डांबरी थर नुकताच मारलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून आवाज ऐका. गंजलेला पत्रा बद्द वाजतो.

५) पाने न्या, इंचाचेही आणि मिलिमीटरचेही. जुन्या अमेरिकन गाड्यांचे नट-बोल्ट इंची मापाचे. तिथं तेरा नंबरचा पाना चपखल बसायला लागला, तर तो बोल्ट अलीकडं बसवलाय. एखाद-दुसऱ्याचं काही नाही. पण इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या बोल्टांवर उभे आहेत ते सगळेच नवे, तर विचारा, काय काय बदललं?

६) वायरिंग आणि काच. जुन्या वायरींना कापडी वेष्टण असायचं. काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो. दिवे, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर यांच्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, पुष्कळदा बनवल्याची तारीखही असते. गाडी साठ सालची आणि सगळ्या काचा नव्या छापाच्या, तर निदान समजेल तरी.

७) इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच तापवून ठेवलं असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना तर पाणी आत शिरतंय. कॉम्प्रेशन तपासायला कोणताही चांगला मिस्त्री अर्धा तास घेतो. तेवढा खर्च करा.

यातले शेवटचे थोडे मुद्दे अवस्थेचे आहेत, पहिले बरेचसे अस्सलपणाचे. दोन्हींची बेरीज करू नका. दोन वेगळे गुण द्या.

कायदा काय म्हणतो

हा नुसता हौशी लोकांचा वाद राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आजच्या हिशेबानं साधारण १९७५ आणि त्याआधीची. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला पाच हजार. ज्यांना नव्यानं नंबर मिळतो त्यांच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. जी गाडी आधीच नोंदलेली आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. तपासणी करून गाडी विंटेज आहे की नाही हे ठरवायला राज्य पातळीवर समिती असते.

आणि यात एक अट आहे जी आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचावी. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे विंटेज नोंदणी करून लग्नाला भाड्यानं देणार असाल, तर जमणार नाही.

खरी मेख आहे ‘मोठा फेरफार न केलेली’ या शब्दांत. आपल्या जिल्ह्यात पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. शेतकऱ्याला गाडी चालवायची होती, म्युझियममध्ये ठेवायची नव्हती. पण आज नियमाच्या भाषेत तो फेरफार आहे. मग मोह होतो. कुठून तरी जुन्या बाजारातून पेट्रोल इंजिन आणायचं, बसवायचं, आणि ते जन्मापासून त्याच गाडीत होतं असं सांगायचं. गाडीला तिच्या जातीचं इंजिन परत मिळालं, यात गैर काही नाही, आरसीवर रीतसर नोंद करून घेतली म्हणजे झालं. गैर आहे ते ‘जन्मापासून’ हा शब्द.

‘मग काय, गंजू द्यायची का?’

हा प्रश्न कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. गंजू देऊ नका.

सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर महाग. जुना पत्रा कुजलेला असतो, तो कापावाच लागतो. ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलची नळी हे तर जुनं ठेवूच नये. मूळपणाच्या नादात कुणाचा जीव जायला नको. हे सगळं मान्य. मुद्दा बदलण्याचा नाही, लपवण्याचा आहे.

जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फिव्हा’ नावाची जागतिक संस्था आहे. तिनं २०१२ साली ‘ट्युरिन चार्टर’ नावाची तत्त्वं मंजूर केली. सार सोपं आहे. शक्यतो कमीत कमी हात लावा, जे केलं ते लिहून ठेवा. फिव्हा गाडीच्या जतनाचे चार गट करते: मूळ अवस्थेतली, अस्सल पण थोडे भाग बदललेली, रिस्टोअर केलेली आणि पुन्हा बांधलेली. चारही गटांना जागा आहे, कुणाला हाकललेलं नाही. फक्त चौथ्या गटातलीनं पहिल्या गटातली म्हणून मिरवायचं नाही.

इंग्लंडमध्ये तर हे प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. पुढं तिचं इंजिन, चासी, बॉडी असं बरंच काही बदलत गेलं. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. कारखान्यातून निघाली तशी ‘मूळ’ ती राहिलेली नाही, पण तिचा इतिहास अखंड आहे, ती कधी मोडून दुसरी झाली नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे. हा निकाल कशामुळं शक्य झाला? प्रत्येक टप्प्यावर त्या गाडीचं काय झालं याचा पुरावा होता म्हणून. बदल लपवले असते तर तीच गाडी कोर्टात हरली असती.

म्हणजे पुरावा असेल तर बदललेली गाडीही अस्सल ठरते, आणि पुरावा नसेल तर न बदललेलीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. साधी दोनशे पानी वही पुरते. काय काढलं, काय बसवलं, कुठून आणलं, कोणत्या मिस्त्रीनं केलं, तारीख, फोटो. काढलेले जुने भाग फेकू नका, पोत्यात भरून ठेवा. विकताना वही आणि पोतं गाडीबरोबर द्या. याचा फायदा विकणाऱ्यालाच आहे. ज्याच्याकडं वही आहे त्याला भाव करताना आवाज चढवावा लागत नाही.

आता सरकारी गाड्यांचं

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात तातडीचा.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, एसटी, सगळे त्यात आले. त्या भंगारात काढायच्या. प्रदूषणाचा आणि सुरक्षिततेचा विचार केला तर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण हिशेब करा. विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात आणि सरकारी गाडीला आयुष्य पंधराच. म्हणजे या पुढं सरकारची कोणतीही गाडी आपोआप म्हातारी होऊन इतिहासात जाणार नाही. अग्निशामक बंब, दुष्काळात वाड्या-वस्त्यांवर फिरलेला पाण्याचा टँकर, आरोग्य केंद्राची जीप, लाल डबा. ज्या गाड्यांनी हा जिल्हा चालवला त्यातली एकही उद्या दाखवायला उरणार नाही. मग पंचवीस वर्षांनी कुणीतरी प्रतिकृती बनवेल, चुकीच्या रंगात.

खासगी गाडीला निदान हौशी मालक भेटतो. सरकारी गाडीला कोण आहे?

माझी मागणी मोठी नाही. लिलावात किंवा स्क्रॅपमध्ये गाड्या देण्याआधी जिल्हा पातळीवर एकदा यादी तपासा. प्रत्येक प्रकारातली एक, जी सगळ्यात कमी छेडछाड झालेली आहे, ती बाजूला काढा. ती चालली पाहिजे असं काही नाही. मेहेराझादची निळी बस कुठं चालते? रस्त्यावर आणायची नाही, छताखाली उभी ठेवायची, कागदपत्रांसह. तपासायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. वाहनांची चाचणी करणारी डीआरडीओची व्हीआरडीई संस्था आपल्याच शहरात आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची मुलं शिकतात. त्यांना एक गाडी नोंदवायला आणि जपायला दिली तर पुस्तकापेक्षा जास्त शिकतील. लष्करानं आपल्या गावात रणगाडे जपून दाखवले आहेत. आपण नागरिकांनी एक बंब जपायला काय हरकत आहे?

आणि रॅली, प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. बक्षीस देताना दोन वर्ग करा. एक, उत्तम रिस्टोअर केलेल्या गाडीला. दुसरा, मूळ अवस्थेत जपलेल्या गाडीला, भले तिचा रंग उडालेला असो. सगळी बक्षिसं चकाकीला मिळत राहिली, तर लोक चकाकीच आणतील. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा असा वेगळा वर्ग असतोच.

गाडी एकदा पुट्टी आणि रंगाखाली गेली की तिची खरी कातडी परत मिळत नाही. बाकी सगळं परत मिळतं, टायर मिळतात, पिस्टन मिळतात. मूळ रंग, मूळ खरचटा, दारावर हातानं लिहिलेलं सोसायटीचं नाव, हे एकदाच असतं.

म्हणून एक काम करा. घरात, वस्तीवर, बंद पडलेल्या गोडाऊनमध्ये अशी जुनी गाडी असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. गाडी कुणी घेतली, कधी घेतली, कशाला वापरली, तेही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर. चासी नंबर मात्र सगळ्यांसमोर टाकू नका.

आणि फोटो काढायच्या आधी गाडी धुऊ नका. आहे तशीच दाखवा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पाने आणि चुंबक घेऊन या.